परसबागेची अवजारे : निवड आणि निगा

केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना निर्गमित केल्या. त्यानंतर शाळेच्या आवारातील परसबागेला नवे महत्त्व प्राप्त झाले आहे. बियाणे, खत व पाणी यांचा विचार सर्वत्र होतो. अवजारांची खरेदी मात्र पुष्कळदा मिळेल ते घेऊन उरकली जाते. परिणामी मुलांच्या हाताला फोड येतात, रोपांची मुळे दुखावतात आणि उत्साहाने सुरू झालेली बाग पहिल्याच हंगामात ओस पडते. म्हणून कोणत्या कामास कोणते अवजार, हे आधी ठरविणे अगत्याचे आहे.

कठीण जमीन खणण्यासाठी कुदळ किंवा टिकाव आणि मुरमाड जागी खड्डा घेण्यासाठी पहार योग्य ठरते. फावडे हे मुख्यतः सुटी माती ओढण्याचे व भरण्याचे अवजार आहे; त्याने कठीण जमीन खणू गेल्यास पाते वाकते व दांडा मोडतो. खोदाई वापशावर करावी. ओल्या काळ्या मातीत कोणतेही अवजार धड चालत नाही. ढेकळे फोडून झाल्यावर वाफा सारखा करण्यास दंताळे घ्यावे.

रोपाच्या बुंध्याजवळील तण खुरप्यानेच काढावे. दोन ओळींमधील जागेसाठी उभ्याने चालविता येणारे हातकोळपे सोयीचे, कारण त्याने कमरेवरील ताण वाचतो. बी पेरलेल्या वाफ्याला बारीक छिद्रांच्या झारीने पाणी द्यावे. बादलीने ओतलेल्या पाण्याबरोबर बी वाहून जाते.

हिरव्या कोवळ्या फांदीसाठी दोन पाती एकमेकींवरून सरकणारी कात्री वापरावी. अंगठ्याहून जाड फांदीस करवत लागते. मोठी फांदी प्रथम खालून थोडी कापून मग वरून कापल्यास साल सोलली जात नाही. रोगट झाड छाटल्यावर पाते स्पिरिटने पुसावे, अन्यथा रोग निरोगी झाडावर जातो. फळांच्या काढणीसाठीही योग्य साधन हवे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘नूतन’ झेल्याने आंबा देठासह उतरविता येतो. देठ राहिल्याने चीक फळावर ओघळत नाही व डाग पडत नाहीत.

खरेदीपूर्वी अवजार हातात घेऊन पाहावे. दांडा गुळगुळीत, सरळ रेषांच्या लाकडाचा व पात्यात घट्ट बसलेला असावा. मुलांसाठी हलके खुरपे व लहान झारी वेगळी ठेवावी. कुदळ, कोयता व करवत ही अवजारे मोठ्यांनीच हाताळावीत.

काम संपताच माती धुऊन अवजारे कोरडी करावीत व पात्यांना तेलाचा हात फिरवावा. धार वेळोवेळी लावावी, कारण बोथट अवजारास अधिक जोर लावावा लागतो आणि ते निसटून इजा होते. घरी जाण्यापूर्वी अवजारे मोजून जागेवर ठेवण्याची सवय मुलांना लागली, तर गवतात विसरलेल्या खुरप्यावर कोणाचा पाय पडणार नाही. ग्रामपंचायत व शाळा यांनी मोजकी पण योग्य अवजारे घेऊन ती नीट राखली, तर अल्प खर्चातही बाग वर्षानुवर्षे टिकेल.