बालवयातील गुन्ह्याची नोंद आणि मोफत वकील

अंगुलिमालाची कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो. त्याला पकडायला निघालेल्या राजा प्रसेनजिताने तथागतांजवळ तो भिक्खू म्हणून बसलेला पाहिला आणि त्याला अभय दिले. पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा कोणी ढेकूळ, कोणी काठी, कोणी दगड मारला आणि तो रक्तबंबाळ होऊन परतला. संघाने स्वीकारले तरी नगर विसरले नव्हते.

आज हे न विसरणे पोलीस ठाण्याच्या दप्तरात असते. वस्तीतील मारामारीत सोळाव्या वर्षी नाव आलेला मुलगा बाविसाव्या वर्षी भरतीची परीक्षा उत्तीर्ण होतो आणि चारित्र्य पडताळणीत अडतो. घरचे लोक नशिबाला दोष देतात. वास्तविक कायदा त्याच्या बाजूला आहे.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येत नाही. अपिलाची मुदत किंवा ठरलेला काळ संपल्यावर दोषसिद्धीचे कागद नष्ट करावेत, असा आदेश बाल न्याय मंडळाने द्यायचा असतो. अपवाद एकच : सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरला असेल, तर हे संरक्षण नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, अल्पवयातील अशा आरोपावरून नोकरी नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले.

प्रौढांसाठी नोंद पुसण्याचा असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. परिवीक्षा अधिनियम १९५८ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका झाली, तर कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही. नोंद मात्र राहते. त्यामुळे पडताळणीच्या अर्जात ती दडवू नये. दडवल्याचा ठपका कित्येकदा मूळ गुन्ह्यापेक्षा महागात पडतो.

आता वकिलाचा प्रश्न. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेलेही केंद्राच्या यादीत आले, हे आपल्यापैकी पुष्कळांना या संदर्भात सुचतच नाही. शिवाय स्वेच्छेने, विनामूल्य काम करणाऱ्या वकिलांसाठी केंद्राने २०१७ साली ‘न्याय बंधू’ उपक्रम सुरू केला. १९२३ पासून मुंबईत वकिली करणाऱ्या बाबासाहेबांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या तरुण वकिलांनी त्यात नाव नोंदवायला हरकत नसावी.

जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात जाताना जन्मतारखेचा पुरावा, जातीचा दाखला आणि बाल न्याय मंडळाच्या निकालाची प्रत न्यावी. प्रत हरवली असेल तर निदान ठाण्याचे नाव व गुन्हा क्रमांक सांगावा. नोंदी नष्ट करण्याचा आदेश निघाला नसेल तर त्यासाठी अर्ज करण्यास वकिलास सांगावे, आणि आदेशाची सही-शिक्क्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. पडताळणीच्या वेळी तीच दाखवता येते.