शेतीच्या दैनंदिनीत तीन ठिकाणांचे हवामान

शेतीचे प्रत्येक काम हवामानाशी निगडित आहे, हे शेतकरी बंधूंना नव्याने सांगावयास नको. पुढील पाच दिवसांचा अंदाज आता मोबाईलवर घरबसल्या मिळतो. तथापि पुष्कळ शेतकरी केवळ आपल्या गावचा अंदाज पाहून थांबतात. नदीकाठच्या शेतकऱ्याला ही सवय महागात पडू शकते.

सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठाचे उदाहरण घेऊ. कृष्णा व कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात आणि कऱ्हाड येथे एकत्र येतात. सांगलीस ऊन पडलेले असतानाही घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस चालू असू शकतो. ते पाणी आणि धरणातून सोडलेले पाणी अखेर आपल्याच काठाला लागते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. म्हणून काठावरील मोटार केव्हा काढावी, हे केवळ गावचे आकाश पाहून ठरविता येत नाही.

कोणती ठिकाणे निवडावीत?

१. आपले शेत : फवारणी, खत देणे, काढणी व मळणी यांसाठी.
२. नदीचा वरचा भाग : वरील उदाहरणात सातारा जिल्ह्याचा घाटमाथा. माण-खटावचा कोरडा भागही त्याच जिल्ह्यात येतो. म्हणून इशाऱ्यात घाटाचा उल्लेख स्वतंत्र असेल तर तोच घ्यावा.
३. बाजारपेठ : भाजीपाला वाशीस जात असेल तर मुंबई-नवी मुंबईचा अंदाज. तेथे अतिवृष्टी होणार असेल तर तोडणी एक दिवस अलीकडे किंवा पलीकडे घेण्याचा विचार करता येतो.

नोंद कशी करावी?

मोबाईलमधील कॅलेंडर हीच आपली दैनंदिनी समजावी. ज्या तारखेचा अंदाज, त्या तारखेस प्रत्येक ठिकाणाची एक ओळ लिहावी. आरंभी ठिकाणाचे नाव, नंतर इशाऱ्याचा रंग आणि शेवटी अंदाज केव्हा पाहिला तो वार. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे रंग चार आहेत : हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि तांबडा म्हणजे कृती करा. ओळीखाली त्या दिवशीचे काम लिहावे. नमुना असा :

बुधवार. शेत : हिरवा. सातारा घाट : नारिंगी. मुंबई : पिवळा. सोमवारी सकाळी पाहिले. काम : मंगळवारी दुपारपर्यंत मोटार व पाइप वर घेणे.

या नमुन्यात शेताचा रंग हिरवा असूनही काम ठरले, ते दुसऱ्या ओळीमुळे. तिन्ही ओळी एकाच पानावर ठेवण्याचा लाभ हाच होय.

घ्यावयाची दक्षता

अंदाज रोज बदलतो. म्हणून रोज सकाळी जुनी ओळ खोडून नवी लिहावी. काही कॅलेंडरांना बाहेरचा अंदाज आपोआप जोडता येतो. परंतु तो वेळेवर ताजा होईलच असे नाही. वार न लिहिलेल्या नोंदीवर विसंबू नये. पहिल्या दोन दिवसांच्या अंदाजावर काम करावे. चौथ्या-पाचव्या दिवसाचा अंदाज केवळ तयारीपुरता मानावा. धरणातील विसर्ग व नदीची पातळी यांविषयी जलसंपदा विभाग व तहसील कार्यालय यांच्या सूचनाच अंतिम समजाव्यात. पिकांविषयीचा सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर मंगळवारी व शुक्रवारी मिळतो. तोही त्याच पानावर टिपून ठेवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या दैनंदिनीतील या तीन ओळी रोज सायंकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहाव्यात. ज्याच्याजवळ मोबाईल नाही, त्याची मोटारही नदीकाठीच असते.