वाड्यातल्या एका रात्रीचं परीक्षण लिहूया

या, खुर्ची पुढे ओढा. आज आपण कोकणातल्या नाईकांच्या वाड्यात घडणाऱ्या 'रात्रीस खेळ चाले' या भुताच्या मालिकेच्या एका भागाचं परीक्षण लिहून हातावेगळं करणार आहोत. एकाच भागाचं. अख्ख्या मालिकेचा हिशेब आज नको. "भाग खूप भीतिदायक होता" हे वाक्य कुणालाही लिहिता येतं. वाचकाला त्याच्या पुढचं हवं असतं: भीती नेमकी कुठे वाटली आणि कशाने वाटली. तेवढं पकडलंत की परीक्षण झालं.

सामान टेबलावर काढून ठेवा: मोबाइल किंवा टीव्ही, कानावर नीट बसणारे हेडफोन, वही, निळं पेन, लाल पेन, पट्टी. एक संध्याकाळ मोकळी ठेवा. जाहिराती वगळल्या तर भाग वीस-बावीस मिनिटांचाच असतो, पण आपण तो दोनदा पाहणार आहोत आणि त्यातला एक तुकडा आणखी दोनदा.

पाहण्याआधी

1. भाग निवडा. आधी पर्व कोणतं ते बघा. 2016च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच जातात. 2019चं दुसरं पर्व त्याच्या आधीची गोष्ट सांगतं आणि तिथे अण्णा चांगले जिवंत आहेत. अण्णा दारात उभे दिसले तर पहिल्या पर्वात ते भूत, दुसऱ्यात घरचे कर्ते. इथे गल्लत झाली तर सगळं परीक्षण आडवं होतं.

2. वहीच्या माथ्यावर पर्व, भाग क्रमांक आणि प्रसारणाची तारीख लिहा. आत्ताच लिहा, नंतर शोधत बसाल.

3. आदल्या भागाची शेवटची पाच मिनिटं पाहून घ्या. फक्त शेवट! आख्खा भाग पाहिलात तर दोन्ही भागांतली दृश्यं डोक्यात एकमेकांत मिसळतील.

4. हेडफोन लावा. टीव्हीच्या बारीक स्पीकरवर दाराची करकर, माडांच्या झावळ्यांची सळसळ, रातकिडे सगळं वाहून जातं. या मालिकेत अर्धं काम तेच आवाज करतात.

5. खोलीतले दिवे घालवा. मोबाइलवर पाहत असाल तर सूचनाही बंद करा. ऐन वेळी कुणाचा तरी "जेवलास का?" असा संदेश आला की वाडा गायब होतो.

पहिल्यांदा पाहताना

6. भाग सलग पाहा, पेन हातात न घेता. थांबवू नका, मागे घेऊ नका. भीती हळूहळू चढत जाते आणि एकदा थांबवलं की पुन्हा तळापासून सुरू होते. तो तोटा दिग्दर्शकाच्या माथी मारला जातो, हे बरं नव्हे.

7. दिवे लावा आणि निळ्या पेनाने आठवतं तसं लिहून काढा. पाच मिनिटं पुरे. क्रम चुकला तरी चालेल, फक्त पुन्हा बघून दुरुस्त करू नका. वीस मिनिटांतलं जे तुम्हाला आठवतच नाही, तेही परीक्षणाच्या कामाचं आहे.

8. प्रत्येक आठवणीपुढे लाल पेनाने खूण करा. दचकलात तिथे 'द', अंगावर काटा आला तिथे 'क', काहीच झालं नाही तिथे रेघ. इथे प्रामाणिक राहा, वही कुणी बघत नाही. दचकवणं सोपं असतं, मोठा आवाज केला की माणूस दचकतो. काटा आणायला मात्र पात्र, जागा आणि शांतता तिन्ही जुळून यावी लागतात. ज्या भागात 'द' ढीगभर आणि 'क' एकही नाही, त्या भागाबद्दल काय लिहायचं ते तुम्हाला आत्ताच कळलंय.

दुसऱ्यांदा पाहताना

9. नव्या पानावर पट्टीने चार रकाने आखा: वेळ, काय दिसलं, काय ऐकू आलं, मला काय झालं. "दिग्दर्शकाला काय म्हणायचंय" असा पाचवा रकाना घालू नका. त्यात लोक वाट्टेल ते भरतात.

10. नवा भाग नेमका कितव्या मिनिटाला सुरू होतो ते टिपा. आधीच्या भागाची झलक आणि शेवटी येणारी पुढच्या भागाची झलक दोन्ही वजा करा. झलकेतला धक्का या भागाच्या खात्यावर जमा करायचा नाही.

11. 'द' किंवा 'क' असलेलं प्रत्येक दृश्य आलं की थांबवा आणि चारही रकाने भरा. आता थांबवायला हरकत नाही. नमुना म्हणून एक दृश्य मनाने रचूया. समजा रात्र आहे, अण्णांच्या पत्नी माई देवघरात एकट्या आहेत. मागच्या पडवीत पावलं वाजतात. माई वळतात, पडवी रिकामी. त्या पुन्हा देवाकडे तोंड करतात आणि पाठीमागून एक सावली सरकते. वहीत ते असं उतरेल: "7.40, माई देवघरात, पावलांचे तीन आवाज. 7.52, माई वळतात, पडवी रिकामी, संगीत नाही. 7.57, संगीताचा ठोका. 7.58, सावली, डावीकडून उजवीकडे." शेवटच्या दोन नोंदी पुन्हा वाचा. ठोका सावलीच्या एक सेकंद आधी पडलाय, म्हणजे घाबरायचं केव्हा ते तुम्हाला आधीच सांगून टाकलं. अशी नोंद हाती लागली की परीक्षणाचा निम्मा परिच्छेद तयार झाला म्हणून समजा. सेकंद लिहायचा कंटाळा केलात तर ही गोष्ट कधीच दिसत नाही.

12. सगळ्यांत परिणामकारक दृश्य निवडून त्याभोवती लाल चौकट करा. एकच निवडा. दोन निवडलीत तर परीक्षणात दोघांनाही पुरेशी जागा मिळणार नाही.

13. चौकटीतलं दृश्य आवाज बंद करून पाहा. तरीही घाबरलात तर श्रेय कॅमेऱ्याचं, प्रकाशाचं आणि नटांच्या चेहऱ्यांचं. भीती पार उडून गेली तर सगळं काम पार्श्वसंगीत करत होतं. जे झालं ते लगेच लिहा, डोक्यात साठवू नका.

14. तेच दृश्य डोळे मिटून ऐका. इथे शांतता किती सेकंद टिकते तेवढंच मोजा. आपल्याकडच्या मालिकांना शांततेचं फार वावडं असतं. त्यातून एखाद्या दृश्यात ती सापडली तर परीक्षणात तिचं कौतुक जरूर करा.

तपासणी

15. भुताचे नियम लिहून काढा. ते कुणाला दिसतं, केव्हा येतं, काय करू शकतं, काय करू शकत नाही, प्रत्येकाला एक ओळ. नियम या मालिकेतलेच घ्या. इतर सिनेमांतली किंवा आजीने सांगितलेली भुतं इथे आणू नका.

16. या भागात एखादा नियम मोडलाय का ते पाहा. काल बंद दार ओलांडू न शकणारं भूत आज आरपार येत असेल तर त्याचं कारण भागात दिसायला हवं. दिसलं नाही तर मिनिटासह नोंद करा. पण थांबा! मालिका रोजची होती, खुलासा पुढच्या भागातही आलेला असू शकतो. म्हणून "चूक आहे" असं न लिहिता "या भागात कारण मिळत नाही" असं लिहा.

17. पहिल्या पर्वातला भाग असेल तर नीलिमाची वाक्यं शोधा. घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागचं कारण धुंडाळणारी सून ती. तिच्या प्रश्नाला भागात उत्तर मिळतं, की कुणीतरी तिला गप्प बसवून पुढे जातं, ते लिहा. माझ्या मते भुताच्या कथेत शंका घेणारं पात्र जितकं ताठ उभं राहील तितकी भीती खरी वाटते. तिला नुसतं मूर्ख ठरवलं असेल तर परीक्षणात तसं स्पष्ट म्हणा.

18. लक्षात राहिलेलं एक मालवणी वाक्य कानाने ऐकून जसंच्या तसं उतरवा. त्याला प्रमाण मराठीचे कपडे चढवू नका. घरातल्या विसराळू पांडूचं 'इसारलंय' हे 'विसरलोय' असं लिहिलंत की पांडू गेला. उच्चाराची शंका आली तर सिंधुदुर्गातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन लावा, आनंदाने सांगतील.

19. नटांची नावं श्रेयनामावलीतून ताडून घ्या. अण्णा म्हणजे माधव अभ्यंकर, हे सगळ्यांना पाठ असतं. घोटाळा होतो तो अण्णांच्या प्रेयसीच्या, शेवंताच्या बाबतीत: दुसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकर आहेत, पण तिसऱ्या पर्वात त्या मध्येच बाहेर पडल्या आणि कृतिका तुळसकर आल्या. आठवणीवर विसंबू नका.

लिहिताना

20. तुमचं मत एका वाक्यात लिहा. वाक्यात "पण" आला तर उत्तम, दोन "पण" आले तर अजून मत ठरलेलं नाही. पुन्हा रकान्यांकडे जा.

21. त्याच वाक्याने परीक्षणाची सुरुवात करा. "कोकण म्हटलं की भुतं आलीच" असली प्रस्तावना खोडून टाका. आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेल्या या मालिकेचे प्रेक्षक तिथे कधीच पोचलेत.

22. कथा तीन ओळींत सांगा. शेवटचं रहस्य फोडू नका. "माईंना देवघरात जे दिसतं त्याने घराची रात्र बदलते" इथवर या आणि थांबा. ज्याने भाग पाहिलेला नाही त्याच्या दचकण्यावर तुमचा हक्क नाही.

23. चौकटीतल्या दृश्याला सगळ्यांत मोठा परिच्छेद द्या. कच्चं वाक्य असं येईल: "देवघराचं दृश्य अंगावर येतं." ते पुसा आणि रकान्यांतून उचलून लिहा: "माई वळतात तेव्हा पडवी रिकामी असते आणि पुढची पाच सेकंदं संगीत गप्प असतं. खरी भीती त्या पाच सेकंदांत आहे. सावलीच्या आधी ठोका वाजला नसता, तर ती सावलीपर्यंत टिकली असती." बघा, यात कौतुकही आहे आणि तक्रारही, आणि दोन्हींना पुरावा आहे. मिनिटांचे आकडे मात्र वहीतच राहू द्या. वाचकाला दृश्य हवंय, घड्याळ नकोय.

24. अभिनयाबद्दल एकाच नटाविषयी, एकाच कृतीवर लिहा. "सर्वांची कामं छान" लिहिण्यापेक्षा माईंनी वळण्याआधी पदर कसा सावरला ते लिहा. यादी करायला लागलात की वाचक पुढच्या परिच्छेदावर उडी मारतो.

25. एकच मोठी तक्रार लिहा. बारीकसारीक खटकलेलं सोडून द्या. ज्या त्रुटीमुळे भीती कमी झाली तीच ठेवा. एकाच चेहऱ्याचा तीन-तीनदा दाखवलेला क्लोज-अप हा नेहमीचा गुन्हेगार, आधी तोच तपासा.

26. सगळं मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडखळेल तिथे वाक्य तोडा. 'भयानक', 'थरारक', 'अंगावर शहारे' हे शब्द ऐकू आले तर काढा, त्यांच्या जागी काय दिसलं किंवा काय ऐकू आलं ते घाला.

27. शीर्षक द्या. ते शेवटीच द्यायचं, कारण चांगलं शीर्षक बहुतेक वेळा चौकटीतल्या दृश्यातच सापडतं. आपल्या नमुन्याला 'रिकामी पडवी' शोभेल. शीर्षकात रहस्य फुटत नाही ना, एवढं पाहून घ्या.

28. परीक्षण पाठवून द्या. वहीतलं पान फाडू नका, पुढच्या भागाला बसाल तेव्हा भुताच्या नियमांची हीच यादी लागणार आहे.