दोन विषयांच्या मधल्या जागेतून अर्ज करताना

माझ्या पहिल्या पोस्टडॉकच्या अर्जावर दोन परीक्षकांचे शेरे आले होते. भौतिकशास्त्राच्या परीक्षकांनी लिहिलं होतं, यात नवं भौतिकशास्त्र नाही. कीटकशास्त्राच्या परीक्षकांनी लिहिलं होतं, डासांविषयीची समज वरवरची आहे. आपापल्या खुर्चीतून दोघांचंही बरोबर होतं, आणि अर्ज नामंजूर झाला. आंतरविद्याशाखीय फेलोशिप मागणाऱ्या पुष्कळांच्या वाट्याला असंच येतं. म्हणून पुण्यात पीएच.डी. संपवत आलेल्या मुलामुलींसाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे.

या शहरात दोन विषय जोडून बघण्याची ओढ लागणं साहजिक आहे. पाषाणला डॉ. होमी भाभा रस्त्यावर एनसीएल, आयसर आणि मॉन्सूनचा अभ्यास करणारी आयआयटीएम. विद्यापीठाच्या आवारात आयुका, एनसीआरए, एनसीसीएस. गावात एनआयव्ही. सकाळी ढगांवरचं व्याख्यान ऐकावं आणि दुपारी विषाणूंवरचं, असं इथे सहज घडतं. पण संस्था शेजारी असल्या तरी अर्ज वाचणाऱ्या समित्या विषयवार बसतात. ऑनलाइन अर्जात एक मुख्य विषय निवडावा लागतो आणि आपलं लेखन कोणाच्या टेबलावर जाणार हे त्या निवडीवर ठरतं. आधी तो रकाना ठरवा, मग प्रस्ताव लिहायला घ्या. माझ्या मते ज्या विषयात आपण नवखे आहोत त्याच विषयाच्या समितीकडे अर्ज जावा. आपल्या मूळ विषयातलं कौशल्य शोधनिबंधांतून दिसतंच. पटवून द्यायचं असतं ते नव्या विषयातल्या लोकांना.

माझी पीएच.डी. ढग आणि पावसाच्या थेंबांवरची. पहिल्या अर्जात मी म्हटलं होतं की पावसाच्या नोंदींवरून पुण्यातल्या डेंग्यूचा अंदाज बांधेन. असा प्रस्ताव ऐकायला छान वाटतो, पण त्यात फक्त आपली पद्धत दुसऱ्याच्या अंगणात नेलेली असते. त्या घरच्यांना पडलेला प्रश्न त्यात नसतो.

तो प्रश्न मला कळला तो कीटकशास्त्राच्या एका मॅडमच्या प्रयोगशाळेत जाऊन बसू लागल्यावर. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास साठलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याच्या काठाशी अंडी घालतो आणि ती अंडी कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. डासाच्या शरीरात शिरलेला विषाणू पुढे पसरण्याजोगा व्हायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. डास चावल्यावर ताप यायला आणखी काही दिवस. त्यानंतर माणूस दवाखान्यात जाणार, रक्त तपासणार, मग नोंद होणार. म्हणजे पाऊस आणि नोंद यांच्यात कित्येक आठवड्यांचं अंतर. नोंदीतली तारीख तपासणीची असते, चावण्याची नाही, हे मला आरोग्य खात्यात रजिस्टर सांभाळणाऱ्या काकांनी समजावलं. आणि माझ्याकडची पावसाची आकडेवारी होती शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव अशा मोजक्या केंद्रांची. एकाच दिवशी एका केंद्रावर सर येते आणि दुसरं कोरडं राहतं. मग हडपसरच्या वस्तीत किती पडला, हे मी कशावरून सांगणार होते?

एकदा मॅडमनी विचारलं, "अगं, नळाला पाणी एकच वेळ येतं म्हणून लोक पिंपं भरून ठेवतात. त्या पिंपातला डास पावसाची वाट बघत बसतो का? ते पाणी तुझ्या समीकरणात कुठे आहे?" त्या प्रश्नातून माझा दुसरा अर्ज उभा राहिला. डासांची पैदास कोणत्या आठवड्यांत पावसाच्या पाण्यावर होते आणि कोणत्या आठवड्यांत साठवणीच्या? याचं उत्तर नुसत्या हवामानशास्त्राला देता येत नाही आणि नुसत्या कीटकशास्त्रालाही नाही. आपल्या प्रस्तावाला ही कसोटी लावून बघा. दोन्हींपैकी एक विषय काढून टाकला तरी प्रश्न जसाच्या तसा शिल्लक राहत असेल, तर ती आंतरविद्याशाखीय फेलोशिपची जागा नव्हे.

चांगला नमुना पाहायचा असेल तर आयआयटीएममधल्या सोफिया याकोब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांचा पुण्यातल्या डेंग्यूवरचा २०२५ साली आलेला अभ्यास वाचा. पाऊस वाढला की डेंग्यू वाढतो, असं सरधोपट विधान त्यात नाही. मध्यम आणि विखरून पडणाऱ्या पावसात धोका वाढतो. आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त कोसळला की अंडी-अळ्या वाहून जातात आणि धोका उतरतो. पावसाची एकूण बेरीज आणि त्याची आठवडाभरातली वाटणी यांतला फरक हवामानाचा अभ्यासक ओळखतो. तो फरक अळ्यांसाठी जीवनमरणाचा आहे, हे डासांचा अभ्यासक सांगू शकतो.

विषय बदलणाऱ्यांची परंपरा पुण्याला नवी नाही. अॅना मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर काम करत होत्या. परदेशी जाऊन भौतिकशास्त्रच शिकायचं त्यांच्या मनात होतं, पण १९४५ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांसाठी. त्या लंडनच्या इंपिरियल कॉलेजात गेल्या, १९४८ मध्ये परतून पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या आणि पुढे सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाटनं त्यांनी करून घेतली, म्हणजे ती देशातच बनवता येतील. नव्या विषयाचं हातकाम त्यांनी मुळापासून आपलंसं केलं, याचा मला फार आदर वाटतो. तुमच्या अर्जातही नव्या विषयातलं असं एखादं हातकाम तुम्ही शिकायला घेतलेलं दिसू द्या, मग ते अळ्या ओळखणं का असेना.

आता नियमांकडे. पूर्वी सर्ब देत असे ती नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आहे. तिची मुदत दोन वर्षं, वयाची अट ३५. स्त्रिया आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. परदेशी जायचं असेल तर स्ट्रासबर्गहून चालणाऱ्या ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप जरूर बघा. भौतिकशास्त्र, रसायन, गणित, अभियांत्रिकी अशा जीवशास्त्राबाहेरच्या विषयांत पीएच.डी. केलेल्यांना जीवशास्त्रात येता यावं, यासाठीच ती आहे. मुदत तीन वर्षं, देश मात्र बदलावा लागतो. नियम दरवर्षी नव्याने वाचा, आदल्या वर्षीच्या सीनियरच्या सांगण्यावर विसंबू नका.

यजमान संस्थेचं संमतिपत्र संचालकांच्या सहीने लागतं आणि ती फाइल टेबलाटेबलावरून फिरते. मुदत दिवाळीच्या आसपास असेल तर नवरात्रातच ती हलवा. रुग्णांची माहिती वापरणार असाल तर नैतिकता समितीची मान्यता लागते. तिला महिने जातात, त्यामुळे ते महिने वेळापत्रकात स्पष्ट दाखवा. दोन मार्गदर्शक असतील तर तुम्ही कोणाच्या प्रयोगशाळेत बसणार, रसायनांचा खर्च कोणाच्या खात्यातून होणार आणि शोधनिबंधावर नावं कोणत्या क्रमाने येणार, हे अर्जाआधी दोघांसमोर बोलून ईमेलवर लिहून घ्या. संकोच वाटतो, तरीही घ्या. शिफारसपत्रांपैकी एक नव्या विषयातल्या आणि तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं असू द्या.

पैशांचंही घरी आधीच बोलून ठेवा. मंजुरीचं पत्र येणं आणि खात्यात पहिली रक्कम जमा होणं यांत बराच काळ जाऊ शकतो, आणि औंध-बाणेरचं भाडं तोवर थांबत नाही. रुजू होण्याआधी संस्थेच्या लेखा विभागात जाऊन विचारा: अनुदान यायचं असताना संस्था स्वतःच्या निधीतून आगाऊ रक्कम देते का, आणि त्यासाठी कोणाला अर्ज करायचा?