खडकात अडकलेले तेल

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्राच्या तळाखाली, १९७४ साली ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाला खनिज तेल लागले. १९७६ पासून ‘मुंबई हाय’ या क्षेत्रातून नियमित उत्पादन होऊ लागले. १९८५ साली तेथून दररोज चार लाखांहून अधिक पिंपे तेल निघत होते. २०२४ साली हेच प्रमाण दीड लाख पिंपांच्या आत आले होते.

या घटीवरून तेथील तेल संपत आले असा समज सहज होतो. तो खरा नाही. जगभरच्या तेलक्षेत्रांचा सर्वसाधारण अनुभव असा की, नेहमीच्या पद्धतींनी मूळ साठ्यापैकी साधारणपणे एक तृतीयांश तेलच वर येते. उरलेले जागच्या जागी राहते. आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या देशाच्या दृष्टीने या मागे राहिलेल्या तेलाचे मोल काय, हे वेगळे सांगावयास नको.

हे तेल खाली तळ्यासारखे साचलेले नसते. ते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत भरलेले असते, आणि ही छिद्रे एकमेकांस अतिशय चिंचोळ्या वाटांनी जोडलेली असतात. विहीर खणताच भूगर्भातील नैसर्गिक दाबामुळे काही तेल आपोआप वर येते. दाब ओसरला की बाजूच्या विहिरींतून पाणी आत सोडून तेल पुढे रेटावे लागते. मुंबई हाय येथे १९८४ पासून यासाठी समुद्राचेच पाणी वापरले जाऊ लागले. परंतु पाणी नेहमी सोपी वाट धरते. रुंद वाटांतील तेल बाहेर पडते, अरुंद वाटांतील तसेच राहते आणि कालांतराने विहिरीतून तेलाऐवजी मुख्यतः पाणीच येऊ लागते.

तेलाचा थेंब का हलत नाही?

तेल आणि पाणी यांच्या सीमेवर एक ताण असतो. त्यामुळे थेंब आपला गोल आकार सोडावयास तयार नसतो. चिंचोळ्या वाटेतून जाण्यासाठी त्याला लांबट व्हावे लागते. तेवढा जोर पाण्याच्या रेट्यात नसतो. पंप कितीही मोठा लावला तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण अडचण दाबाची नसून पृष्ठभागाची आहे.

तेलकट भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही, रिठ्याच्या किंवा साबणाच्या पाण्याने निघते, हा घरोघरचा अनुभव आहे. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे व दुसरे तेलाकडे ओढ घेते. तो सीमेवर जाऊन बसतो आणि ताण उतरतो. अशा द्रव्यांना पृष्ठक्रियाकारके किंवा ‘सर्फॅक्टंट’ म्हणतात. तेलक्षेत्रात मात्र हा ताण हजारो पटींनी कमी व्हावा लागतो. ते साध्या साबणाचे काम नव्हे. त्या त्या ठिकाणचे तेल, पाणी व तापमान पाहून रसायन जुळवावे लागते.

शिक्षकांना हे वर्गात दाखविता येईल. तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली उलटी धरून तिच्या तोंडाला फडके बांधावे आणि तीत खाद्यतेलात कालवलेली कोरडी वाळू भरावी. वरून पाणी ओतल्यास थोडे तेल खाली येते आणि मग जवळजवळ नुसते पाणीच उतरते. त्यानंतर साबणाचे पाणी ओतले की खाली येणारे पाणी दुधाळ दिसते. वाळूला चिकटलेले तेल आता सुटू लागलेले असते.

प्रत्यक्षात दोन विघ्ने येतात. मचूळ, जड पाण्याच्या गावी साबणाला फेस येत नाही. भूगर्भातील खाऱ्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम तसेच अनेक पृष्ठक्रियाकारकांना निकामी करतात. दुसरे असे की, महागडे रसायन तेलापर्यंत पोहोचण्याआधीच बरेचसे खडकाला चिकटून बसते. मुंबई हायचा मुख्य तेलधारी खडक चुनखडक आहे. वालुकाश्मात चांगली चालणारी ऋणभारित रसायने चुनखडकाला अधिक चिकटतात. शिवाय चुनखडकाचा पृष्ठभाग पुष्कळदा पाण्यापेक्षा तेलालाच अधिक धरून ठेवतो.

अब्जांश कणांचे साहाय्य

येथे अब्जांश म्हणजे ‘नॅनो’ कणांचा विचार पुढे येतो. वाळूत असते त्याच सिलिकाचे हे कण बहुधा १० ते ५० नॅनोमीटर व्यासाचे असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. खडकातील वाट एक मायक्रोमीटर, म्हणजे १,००० नॅनोमीटर, रुंद असली तरी हे कण तीतून सहज जातात. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील वासन आणि निकोलोव्ह यांनी २००३ साली दाखविले की, तेलाचा थेंब पृष्ठभागाला जेथे टेकतो त्या पाचरीसारख्या फटीत असे सूक्ष्म कण ओळीने शिरतात आणि थेंबाला उचलून सुटा करण्यास मदत करतात. पृष्ठभागाची तेलाविषयीची ओढ कमी करणे, पृष्ठक्रियाकारकाची खडकावरील गळती रोखणे आणि फेस अधिक काळ टिकविणे हेही या कणांचे उपयोग आहेत. फेस टिकला तर तो रुंद वाटा अडवितो व पाण्याला अरुंद वाटांकडे वळवितो.

तथापि खाऱ्या व उष्ण पाण्यात हे कण एकमेकांस चिकटून गोळे होतात, आणि मग जी वाट मोकळी करावयाची तीच बुजते. आजवरचे बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेत, हातभर लांबीच्याही नसलेल्या खडकाच्या नमुन्यांवर झालेले आहेत. शुद्ध पाण्यात नमुन्यातून निघालेल्या तेलाच्या टक्केवारीने हुरळून जाण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष क्षेत्रातील खडक, तेथलेच पाणी आणि तेथलेच तापमान यांत रसायन किती दिवस टिकते व एका जादा पिंपामागे ते किती खर्ची पडते, हे आकडे पाहावयास हवेत. समुद्रात तर रसायनाची वाहतूक व मंचावरील अपुरी जागा हेही प्रश्न आहेत. तेलाबरोबर वर येणारे रसायनयुक्त पाणी शुद्ध न करता सोडले तर त्याची झळ मासेमारीला बसू शकते. कोकणच्या किनाऱ्याला ही बाब गौण नाही.

भारतात या दिशेने जमिनीवर बरीच मजल मारली गेली आहे. राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यातील मंगला क्षेत्र २००४ साली सापडले. तेथे पाणी दाट करणारे बहुवारिक मोठ्या प्रमाणावर वापरले गेले, आणि अल्कली, पृष्ठक्रियाकारक व बहुवारिक या तिहींची एकत्रित चाचणीही झाली. मात्र तेथला खडक वालुकाश्म आहे. केंद्र सरकारने २०१८ साली अशा वाढीव उत्पादनाच्या पद्धतींना सवलती देणारे धोरण स्वीकारले.

चुनखडकासाठी पहिली पायरी एकाच विहिरीच्या चाचणीची असते. विहिरीभोवतीच्या खडकात किती तेल उरले आहे हे मागोवा घेणाऱ्या रसायनाने आधी मोजतात. नंतर कण व पृष्ठक्रियाकारक यांचे द्रावण आत सोडून, काही काळ मुरू देऊन, त्याच विहिरीतून परत वर घेतात आणि पुन्हा मोजतात. दोन मोजण्यांतील फरक खर्चाला पुरून उरला तरच शेजारच्या विहिरींची पाळी येते.