वर्धन आणि अंशशोधन

जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र हे सुमारे 27 मीटर उंचीचे सूर्यघड्याळ होय. पितळी यंत्रांचे आस झिजतात, केंद्र ढळते आणि आकार लहान असल्याने सूक्ष्म विभाग आखता येत नाहीत, असे सवाई जयसिंहास आढळले होते. म्हणून 1734 च्या सुमारास पूर्ण झालेल्या या वेधशाळेत त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. सम्राट यंत्राच्या वर्तुळपादाची त्रिज्या सुमारे 15 मीटर आहे. तीवर शंकूची छाया तासाला जवळजवळ 4 मीटर, म्हणजे सेकंदाला एका मिलिमीटरहून किंचित अधिक सरकते. डोळ्यांना न जाणवणारी गती अशा रीतीने वाचनीय होते. यालाच वर्धन म्हणतात.

परंतु वर्धनाबरोबर दोषही वाढतो. सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाचे असल्यामुळे छायेची कड धूसर असते. एवढ्या त्रिज्येवर हा पट्टा सुमारे 14 सेंटिमीटर रुंद होतो. यंत्र मोठे केले म्हणजे ते आपोआप अचूक होते, असे नव्हे. जयसिंहाने दिल्ली, मथुरा, उज्जैन व वाराणसी येथेही वेधशाळा बांधल्या. एका ठिकाणचे वेध दुसरीकडील वेधांशी ताडून पाहावेत, हा त्यामागील एक हेतू होता.

इलेक्ट्रॉनिक मापनयंत्रात वर्धनाचे हेच कार्य विवर्धक करतो. क्षीण विद्युत्‌दाब तो 10, 100 किंवा 1000 पट करतो आणि ही पट खटक्याने बदलता येते. मात्र खटक्यावर कोरलेला आकडा हे केवळ आश्वासन असते; त्याची पडताळणी म्हणजे अंशशोधन.

प्रथम यंत्र चालू करून त्याचे तापमान स्थिर होऊ द्यावे. नंतर आदानाची दोन्ही टोके एकमेकांस जोडून वाचन घ्यावे. समजा, खटका 100 वर असताना प्रदान शून्याऐवजी 0.03 व्होल्ट आले. मग 10 मिलिव्होल्टचा प्रमाणित दाब दिला असता 1.05 व्होल्ट मिळाले. घाईने पाहणारा वर्धन 105 मानील. वस्तुतः दोन वाचनांतील फरक 1.02 व्होल्ट आहे, म्हणून खरे वर्धन 102 ठरते. उरलेला भाग शून्यदोषाचा. दोन वाचनांवाचून हे दोन दोष वेगळे करता येत नाहीत. मधल्या एखाद्या दाबाचे तिसरे वाचन घेतल्यास वर्धन सर्वत्र सारखे आहे की नाही, तेही कळते.

खटका 1000 वर नेल्यास आदानातील तोच शून्यदोष सुमारे 0.3 व्होल्ट होऊन दिसतो. म्हणून प्रत्येक पायरीचे शोधन स्वतंत्रपणे करणे अगत्याचे असते. प्रमाणित दाबाचा स्रोतही अधिक अचूक यंत्राशी ताडलेला असावा लागतो. भारतात ही परंपरा शेवटी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील मानकांपर्यंत पोहोचते.

हृदयाचा विद्युत्‌-आलेख पाहणारा वैद्य रेषेच्या उंचीवरून निदान करतो. ती उंची हृदयाची किती आणि विवर्धकाची किती, हे अंशशोधनाखेरीज त्यास सांगता येणार नाही.