माहेर म्हणजे आईचे घर

लग्न झालेल्या मुलीच्या दोन घरांना मराठीत दोन नावे आहेत. 'सासर' हा शब्द श्वशुरगृह, म्हणजे सासऱ्याचे घर, यावरून आला. 'माहेर' आला मातृगृह यावरून. घर, शेत, घरपट्टीची पावती सगळे वडिलांच्या नावावर असले, तरी लेकीच्या दृष्टीने ते घर आईचे, असे भाषेने ठरवून टाकले.

हिब्रूतही हाच शब्द आहे. 'बेथ एम' म्हणजे आईचे घर. पवित्र शास्त्रात 'बापाचे घर' पानोपानी भेटते. 'आईचे घर' मात्र फक्त चार ठिकाणी येते. त्यातली दोन ठिकाणे गीतरत्नात आहेत. उरलेली दोन अशा मुलींच्या गोष्टीत आहेत, ज्या आपला देश सोडून दूर गेल्या. या धड्यात त्या दोघींपासून सुरुवात करून नेपरव्हिलपर्यंत यायचे आहे.

रिबका आणि रूथ

उत्पत्तीच्या २४व्या अध्यायात रिबका विहिरीवर अब्राहामाच्या सेवकाला आणि त्याच्या उंटांना पाणी देते. सेवक कोणाकडून आला, हे कळताच ती धावत जाते ती आईच्या घरी. लग्न ठरते. दुसऱ्या दिवशी सकाळीच सेवक निघायची घाई करतो, तेव्हा तिचा भाऊ आणि आई म्हणतात, मुलीला निदान दहा दिवस तरी राहू द्या. मग मुलीलाच विचारतात आणि ती जायला तयार होते. तिच्याबरोबर तिची दाई जाते. मराठी घरांत नव्या नवरीबरोबर पाठराखीण धाडतात, तशीच ही पाठराखीण. पुढे ही दाई दबोरा वारली आणि बेथेलजवळ एका झाडाखाली तिला पुरले, याची नोंद तोरात आहे. रिबका आणि तिची आई पुन्हा भेटल्या का, याची मात्र कुठेही नोंद नाही.

रूथचे पुस्तक शाबुओथच्या सणाला वाचतात. नामी आपल्या दोन्ही विधवा सुनांना सांगते की तुम्ही आपापल्या आईच्या घरी परत जा. मराठी वाचकाच्या तोंडी इथे आपोआप 'माहेरी' हाच शब्द येतो. ओर्पा रडते आणि परत जाते. रूथ सासूबरोबर बेथलेहेमला जाते. रूथच्या निष्ठेचे सगळेच कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण या गोष्टीत आणखी एक बाई आहे, जिचे नावही आपल्याला कळत नाही. ती म्हणजे मवाबात राहिलेली रूथची आई. एका घरी लेक परत आली, दुसऱ्या घरी आली नाही. देश सोडून गेलेल्या प्रत्येक मुलीच्या मागे असे एक दार असते.

कोकणातले माहेर आणि समुद्रापलीकडचे

बेने इस्राएलांची आडनावे गावांवरून पडली : पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमचे केहीमकर. पण आडनावातले हे गाव बापाकडून येते. पेणकरांची मुलगी रोह्याला दिली की ती रोहेकर होते आणि तिच्या आईचे गाव कागदावर कुठेच उरत नाही. ते उरते ते तिच्या बोलण्यात, हातच्या चवीत आणि सणाला तिकडे जाण्याच्या ओढीत. कोकणात ते अंतर बैलगाडीचे किंवा होडीचे होते. पुढे कुटुंबे मुंबई-ठाण्याला आली, तेव्हा ते बोटीचे आणि रेल्वेचे झाले.

१९४८नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे टप्प्याटप्प्याने इस्राएलला गेली. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद या गावांत संसार थाटले गेले. सगळे एकदम गेले नाहीत. एक लेक तिकडे, आई इकडे, असे पुष्कळ घरांत झाले. भारत आणि इस्राएल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ साली सुरू झाले. त्याआधी येणे-जाणे आजच्याइतके सोपे नव्हते, आणि माहेर बराच काळ पत्रात राहिले. ती पत्रे मराठीत होती. इस्राएलमध्ये निघालेल्या मराठी नियतकालिकाला 'मायबोली' हे नाव मिळाले, यात नवल नाही.

लग्न झालेल्या मुलीवर आईचे काही कर्तव्य उरते का?

आईबापांचा मान राख, ही दहा आज्ञांपैकी पाचवी. निर्गमाच्या २०व्या अध्यायात ती सांगताना बापाचे नाव आधी येते. लेवीय १९मध्ये आईबापांचा धाक बाळगायला सांगितले आहे, तिथे आईचे नाव आधी आहे. तालमूदचे स्पष्टीकरण असे : मूल आईचा मान आपणहून राखते, कारण ती गोड बोलून समजावते, आणि बापाचा धाक आपणहून बाळगते, कारण तो शिकवतो. जे आपणहून होत नाही, ते तोराने आधी सांगितले. म्हणजे दोघांचे दोन्ही सारखे.

मग किदुशीन या भागात विद्वान थेट आपला प्रश्न विचारतात : ही आज्ञा मुलगे आणि मुली दोघांनाही आहे, पण लग्न झालेल्या मुलीचे काय? उत्तर असे, की तिच्यावर दुसऱ्याचा अधिकार असल्याने तिला ते नेहमी करता येत नाही. ती विधवा झाली किंवा तिचा घटस्फोट झाला, तर तिचे कर्तव्य भावाइतकेच. इथे सूट दिली आहे ती हातात सवड नसल्यामुळे. आज्ञा रद्द झालेली नाही. म्हणूनच पुढच्या काळातील एका भाष्यकाराने लिहिले, की नवऱ्याची हरकत नसेल तर लग्न झालेली मुलगीही पूर्ण बांधील आहे. आज नेपरव्हिलमध्ये नोकरी करणारी, स्वतः गाडी चालवणारी, स्वतःचे बँकखाते असणारी मुलगी या वाक्यात स्वतःला सहज ओळखेल.

मान म्हणजे नेमके काय?

तालमूदमध्ये 'कावोद', म्हणजे मान, ही मनातली भावना म्हणून सोडून दिलेली नाही. कामांची यादी दिली आहे : खाऊपिऊ घालणे, कपडे घालणे आणि पांघरूण घालणे, आत आणणे आणि बाहेर नेणे. ही यादी नेपरव्हिलच्या घरात ठेवून पाहू.

खाऊपिऊ घालणे. मराठी रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी होते. अमेरिकेत ते उलट झाले. लेक माहेरी जात नाही, माहेरच विमानाने येते. आई डिंक आणि आळीव सामानात घेऊन येते आणि लेकीच्या स्वयंपाकघरात लाडू वळते. पाहुणी म्हणून आलेल्या आईला साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. या सहा महिन्यांत पुष्कळदा आईच सगळ्यांना खाऊ घालते आणि तिला कोणी वाढून देत नाही. आज्ञा मात्र मुलीला आहे. आईने डबे भरून दिले, तरी एक ताट तिच्यापुढे वाढून ठेवायचे राहतेच.

कपडे आणि पांघरूण. इलिनॉयच्या जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली जातो. ठाण्याहून आलेल्या आईच्या मापाचा जाड कोट, बर्फावर न घसरणारे बूट, तिच्या खोलीतली ऊब, या गोष्टी तिने मागण्याआधी असाव्यात. खर्चाच्या भीतीने आया मागत नाहीत.

आत आणणे आणि बाहेर नेणे. हे वाचून पूर्वी कोणाला वाटले असेल की हे फक्त फार म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. नेपरव्हिल हे शिकागोच्या पश्चिमेला सुमारे ५० किलोमीटरवरचे, दीड लाख वस्तीचे शहर. शिकागोला जाणारी रेल्वे आहे, पण बहुतेक घरांपासून स्टेशन, दुकान, सिनेगॉग किंवा ड्यूपेज नदीकाठचा फिरायचा रस्ता गाठायला गाडी लागते. जी बाई ठाण्यात एकटी भाजी आणते, शेजारणीशी जिन्यात बोलते आणि शब्बाथला चालत 'शार हाशामाईम'ला जाते, ती इथे लेकीच्या गाडीची वाट पाहत खिडकीपाशी बसते. तिच्यासाठी आठवड्यातून दोनदा बाहेर नेणे ही फेरफटक्याची हौस नव्हे. ती आज्ञाच आहे.

पैसे कोणाचे, हा प्रश्नही तालमूदने सोडलेला नाही. निर्णय असा, की आईबापांकडे असेल तर खर्च त्यांच्या पैशातून, नसेल तर मुलांनी द्यावा. कष्ट मात्र मुलांचेच. पाहुणी आलेल्या आईला मेडिकेअर मिळत नाही, तेव्हा प्रवासाआधी आरोग्यविमा काढणे हे त्या कष्टांतलेच एक. नुसते पैसे पाठवले म्हणजे आज्ञा पुरी झाली, असे होत नाही.

धाक आणि स्वयंपाकघर

'मोरा', म्हणजे धाक, याचीही कृतीच सांगितली आहे : त्यांच्या जागेवर बसू नये, त्यांचे बोलणे तोंडावर खोडू नये. मायलेकींचे खटके बहुधा याच दोन ठिकाणी उडतात. घर लेकीचे, मग ओट्यापाशी जागा कोणाची? बाळाला टोपी घालायची की नाही, यात शब्द कोणाचा? मुलीने आपल्या घराचे निर्णय आईवर सोपवावेत, असे कुठे म्हटलेले नाही. ते चारचौघांत, नातवंडांसमोर, "आई, तुला इथलं काही कळत नाही" अशा शब्दांत सांगू नयेत, एवढे मात्र म्हटले आहे.

एक मुलगा बापाला उंची पक्ष्यांचे मांस खाऊ घालूनही नरकात गेला, अशी गोष्ट तालमूदात आहे, कारण बापाने हे कुठून आणलेस असे विचारताच त्याने वसकन उत्तर दिले. दुसऱ्याने बापाला जात्यावर बसवले आणि तो स्वर्गात गेला, कारण राजाच्या वेठीला बापाऐवजी तो स्वतः गेला होता. राव योसेफ हे मोठे विद्वान. त्यांना आईच्या पावलांचा आवाज आला की ते उठून उभे राहत आणि देवाचे सान्निध्य येत आहे असे मानत.

दुसरी बाजूही आहे. १२व्या शतकात रांबाम यांनी लिहिले, की आईबापांनी आपले जू मुलांवर जड करू नये, मानापमान मोजत बसू नये, काही गोष्टी सोडून द्याव्यात. "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणायचे, हे आयांनीही ठरवावे.

राव असी यांची आई

या विषयातली सर्वांत अवघड गोष्ट राव असी यांची आहे. त्यांची आई म्हातारी झाली होती आणि अशा मागण्या करू लागली, की त्या पुऱ्या करता येईनात. राव असी बाबेल सोडून इस्राएल देशात गेले. मागून कळले की आईही निघाली आहे. तिला भेटायला देशाबाहेर जाऊ का, असे त्यांनी राबी योहानान यांना विचारले. एवढ्या मोठ्या गुरूंनी सांगितले, की आपल्याला ठाऊक नाही. मग बातमी आली, की येते आहे ती आईची शवपेटी. आधी कळते तर आपण निघालोच नसतो, असे राव असी म्हणाले. या शब्दांचा अर्थ विद्वानांनी वेगवेगळा लावला आहे.

रांबाम यांनी पुढे नियम सांगितला : आईबापांचे भान गेले असेल, तर त्यांच्या कलाने वागावे, अगदी सोसेनासे झाले, तर दूर व्हावे, पण त्यांची नीट काळजी घेणारे माणूस नेमावे. त्यांना राबाद यांनी विरोध केला. पोटचे मूलच सोडून गेले, तर सांभाळायला सांगणार कोणाला, असा त्यांचा सवाल. आज ठाण्याच्या घरी दिवसभराची बाई ठेवणारी, रात्री कॅमेऱ्यातून आईची खोली पाहणारी मुलगी या दोन मतांच्या मध्ये उभी असते. दोन्ही मते ग्रंथात शेजारी शेजारी छापलेली आहेत. तिची टोचणी खोटी नाही आणि तिने केलेली सोय हीही आज्ञेबाहेरची नाही.

शुक्रवारचे घड्याळ

ठाणे नेपरव्हिलच्या पुढे आहे : उन्हाळ्यात साडेदहा तास, हिवाळ्यात साडेअकरा. डिसेंबरात ठाण्याला शब्बाथचे दिवे लागतात, तेव्हा नेपरव्हिलमध्ये शुक्रवारची सकाळ सुमारे सव्वासहाची असते. आईचा शब्बाथ संपतो तेव्हा लेकीचा चालू असतो. जी घरे शब्बाथला फोन उचलत नाहीत, त्यांच्यासाठी ही सुमारे ३५ तासांची शांतता आहे. म्हणून दिव्यांआधीचा फोन चुकवायचा नसेल, तर उठायचे लेकीने. आईने जागायचे दिवस झाले.

शब्द शिका

मायलेकी : आई आणि मुलगी, दोघी मिळून.
माहेरवाशीण : सासरहून माहेरी आलेली लेक.
माहेरपण : माहेरवाशिणीचे लाड, विश्रांती.
पाठराखीण : नवरीबरोबर सासरी पाठवलेली सोबतीण.

चर्चा करा

१. रूथ आणि ओर्पा या दोघींपैकी कोणी आज्ञा पाळली? दोघींच्या बाजूने बोला.
२. आई लेकीकडे सहा महिने राहिली, तर माहेरपण कोणाचे?
३. रांबाम आणि राबाद यांच्यापैकी तुमच्या घरी कोणाचे मत चालेल?

घरी करा

या शुक्रवारी आईला फोन करा आणि मराठीतच तीन प्रश्न विचारा : "आई, जेवलीस का? अंगावर पांघरूण पुरतं का? या आठवड्यात बाहेर कुठे गेली होतीस?" हे तिन्ही प्रश्न तालमूदच्या यादीतले आहेत, आणि तुम्ही लहान असताना ती तुम्हाला रोज विचारत असे. उत्तर "हो, हो, सगळं ठीक" असे आले, तर तिसरा प्रश्न पुन्हा विचारा.